दर दोन तासांनीच का?

विद्यार्थी मित्रांनो, पुढे वाचण्यापूर्वी एक छोटासा प्रयोग करा. डाव्या हाताच्या एका बोटाचे नख उजव्या हाताच्या अंगठ्याने पाच सेकंद घट्ट दाबून धरा आणि एकदम सोडा. काय दिसले? सोडल्याबरोबर नख पांढरट दिसले आणि दोनएक सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले. असे का बरे व्हावे?

नखाखाली केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांचे जाळे असते. त्यांना केशवाहिन्या म्हणतात. तुम्ही दाब दिला तेव्हा त्या चेपल्या गेल्या आणि त्यांतील रक्त बाजूला सरले. दाब काढताच रक्त परत आले. प्रयोग पाच सेकंदांचा होता, म्हणून काही बिघडले नाही. पण समजा, असा दाब पाच तास राहिला तर?

हा प्रश्न काही वर्षांपूर्वी आमच्या सिन्नरच्या घरात उभा राहिला. माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू लुळी पडली. इस्पितळातून घरी आणल्यावर कापसाच्या गादीवर ते दिवसभर उताणे पडून असत. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या माकडहाडाजवळ एक लालसर डाग दिसू लागला. टाचेची कातडीही काळवंडली होती. उकाड्याने झाले असेल असे समजून आम्ही पावडर लावली.

त्याच सुमारास माझी एक जुनी विद्यार्थिनी त्यांना पाहायला आली. बारावीपर्यंत ती आमच्या कॉलेजात होती. पुढे चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी घेऊन ती नाशिकला एका रुग्णालयात नोकरीला लागली होती. तिने तो लाल डाग बोटाने दाबला, बोट उचलले आणि पुन्हा दाबून पाहिले.

"सर, हे बघा. दाबलं तरी पांढरं होत नाही. आत इजा सुरू झालीय. नानांना एकाच कुशीवर ठेवू नका."

तुम्ही नखावर केलेला प्रयोग तिने वडिलांच्या पाठीवर केला होता! निरोगी कातडी दाबली की पांढरी होते आणि सोडली की पुन्हा रंग धरते. डाग दाबूनही लालच राहिला, तर ती शय्याव्रणाची पहिली पायरी समजतात. यालाच रुग्णालयात बेडसोअर म्हणतात. (सावळ्या कातडीवर हा रंग नीट दिसत नाही. तेथे ती जागा गरम लागते का, कडक किंवा दुखरी झाली आहे का, हेही पाहावे लागते.)

तिने वहीचे पान फाडून एक वेळापत्रक लिहिले आणि भिंतीला चिकटवले. सहा वाजता डावी कूस, आठ वाजता पाठ, दहा वाजता उजवी कूस, असे दिवसरात्र. टाच गादीला टेकू नये म्हणून पोटरीखाली उशी ठेवायला सांगितली.

मी पडलो पदार्थविज्ञानाचा शिक्षक. सवयीने विचारले, "दोनच तास का? तीन का नाहीत?"

ती जरा थांबली. म्हणाली, "पुस्तकात तसं आहे, सर. पण का, ते मला सांगता येणार नाही."

हे उत्तर मला फार आवडले. न येणाऱ्या प्रश्नाला काहीतरी ठोकून देणारे पुष्कळ असतात. आणि प्रश्न काही रिकामपणाचा नव्हता. रात्रीतून चार-पाच वेळा उठणे म्हणजे काय, हे आम्हा नवराबायकोंना आठवडाभरात कळले. सकाळी पुन्हा कॉलेज होतेच. एका परिचारिकेवर वीस-पंचवीस रुग्णांचा भार असेल, तर तिच्यासाठी दोन तास आणि तीन तास यांत केवढा फरक पडेल, याचा विचार करा.

दाबाचे गणित

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. मी तर ते दरवर्षी शिकवतो. टाचणीचे टोक, उंटाचे रुंद पाय ही उदाहरणे मला पाठ आहेत. पण बिछान्यावर पडलेल्या माणसाची टाच हेही त्याचेच उदाहरण आहे, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

आता हिशेब करू. समजा, ६० किलोग्रॅम वजनाचा माणूस उताणा झोपला आहे आणि त्याच्या शरीराचा ५,००० चौरस सेंटिमीटर भाग गादीला टेकला आहे. भार सगळीकडे सारखा वाटला गेला, तर दर चौरस सेंटिमीटरवर १२ ग्रॅम भार येईल. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असतो. म्हणून १२ भागिले १३.६, म्हणजे सुमारे ०.९ सेंटिमीटर, अर्थात ९ मिलिमीटर पाऱ्याच्या स्तंभाइतका हा दाब झाला. अगदी थोडा.

पण शरीर काही सपाट फळी नव्हे. ते टाच, माकडहाड, खांद्याचे हाड, डोक्याची मागची बाजू अशा उंचवट्यांवर टेकते. समजा, पायाचा १ किलोग्रॅम भार टाचेच्या १० चौरस सेंटिमीटर भागावर आला. आता दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम झाले. म्हणजे दाब सुमारे ७४ मिलिमीटर!

केशवाहिन्यांतील रक्ताचा दाब किती असतो? युजीन लँडिस या शास्त्रज्ञाने तो १९३० मध्ये मोजला. त्यासाठी त्याने जागा निवडली ती बोटाच्या नखाजवळची. केशवाहिनीच्या सुरुवातीच्या टोकाशी त्याला सरासरी ३२ मिलिमीटर दाब आढळला. बाहेरचा दाब ७४ आणि आतला ३२. मग रक्त पुढे जाणार कसे? रक्त नाही म्हणजे प्राणवायू नाही, आणि प्राणवायू नसेल तर पेशी हळूहळू मरू लागतात. तुम्हीआम्ही झोपेतही कूस बदलतो, म्हणून वाचतो. लुळा पडलेला माणूस ती बदलू शकत नाही.

येथवर पदार्थविज्ञान आले. पण 'किती वेळाने कूस बदलावी' याचे उत्तर या हिशेबातून निघत नाही. माणसागणिक रक्तदाब वेगळा, कातडी वेगळी, गादी वेगळी. घाम, ओल आणि चादरीवर होणारे घर्षण यांनीही फरक पडतो. उत्तर मिळवायचे तर रुग्णाच्या खाटेशीच जाऊन मोजमाप करायला हवे. हे काम कोणी करायचे?

खाटेशेजारचे संशोधन

हे काम परिचारिकांनी केले. ते कसे केले, हे पाहण्याजोगे आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव तुम्हाला ठाऊक आहे. हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी बाई, एवढेच तिचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. पण तिच्या दुसऱ्या हातात आकड्यांची वही होती असे म्हटले तरी चालेल. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळातील मृत्यूचे प्रमाण फेब्रुवारी १८५५ मध्ये शेकडा ४२ च्या घरात होते. गटारे साफ झाली, हवा खेळू लागली आणि जूनपर्यंत ते शेकडा २ च्या आसपास उतरले. पुढे तिने वर्तुळाच्या पाकळ्यांसारखे आलेख काढून दाखवून दिले की, सैनिक लढाईतील जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक मेले.

शय्याव्रणांकडे अशाच नजरेने पाहिले ते डोरीन नॉर्टन या इंग्लिश परिचारिकेने. त्या काळी रुग्णाची पाठ साबणाने, स्पिरिटने चोळण्याची, अंड्याचा पांढरा बलक लावण्याची रीत होती. नॉर्टनबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या रुग्णालयात वृद्ध रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९६२ मध्ये तो प्रसिद्ध केला. चोळण्या-माखण्यापेक्षा दाब कमी करणे, म्हणजे कूस बदलणे, हाच खरा उपाय असल्याचे त्यातून दिसून आले. कोणत्या रुग्णाला धोका अधिक आहे, हे ठरवण्यासाठी त्यांनी गुण देण्याची एक सोपी पद्धतही बसवली. तिच्यात प्रकृती, मनाची जागरूकता, हिंडणे-फिरणे, हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा अशा पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ४ गुण देतात. बेरीज १४ किंवा कमी आली की सावध व्हायचे. परीक्षेतल्या गुणांसारखेच, नाही का?

आता माझ्या प्रश्नाकडे येऊ. दोन तास की तीन? नॅन्सी बर्गस्ट्रॉम या पीएच.डी. झालेल्या अमेरिकन परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह नेमका हाच प्रश्न घेतला. अमेरिका आणि कॅनडा येथील २७ शुश्रूषागृहांतील ९४२ वृद्धांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, तीन गट पाडले. एका गटाची कूस दर दोन तासांनी बदलली, दुसऱ्याची तीन तासांनी आणि तिसऱ्याची चार तासांनी. तीन आठवडे निरीक्षण केले. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एकूण शंभरात दोघांच्या आसपास वृद्धांना व्रण झाले आणि तिन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही.

मग आम्ही उगाच रात्री उठत होतो की काय? थांबा! ते सारे वृद्ध दाट फोमच्या चांगल्या गाद्यांवर झोपत होते. आमच्या घरी होती कापसाची गादी, तीही जुनी आणि गाठी झालेली. एका परिस्थितीतला निष्कर्ष दुसऱ्या परिस्थितीला जसाच्या तसा लावता येत नाही, हा विज्ञानाचा पहिला धडा आहे. म्हणून तुमच्या घरी असा रुग्ण असेल, तर हा लेख वाचून वेळ वाढवू नका. परिचारिका आणि डॉक्टर सांगतील तसेच करा.

मी हे सारे शोधून त्या मुलीला दाखवले. ती बराच वेळ आकडे पाहत बसली. मग म्हणाली, "सर, आपल्याकडच्या गाद्यांवर कोणी केलंय का हे? आणि मला करायचं असलं तर बी.एस्सी.नंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो का?"

थेट वाट आहे का?

'थेट' या शब्दामागे तिची अडचण होती. तिची आई विड्या वळते. सिन्नरला हे काम किती घरांत चालते, ते येथील मुलांना सांगायला नको. धाकटा भाऊ शाळेत. तिच्या बरोबरीच्या मैत्रिणी आखाती देशांत नोकरीला निघाल्या होत्या. पगार सोडून आणखी दोन वर्षे शिकणे तिला परवडण्यासारखे नव्हते.

आम्ही दोघांनी मिळून नियम वाचले. तुमच्यापैकी कोणाला पुढे उपयोग होईल म्हणून थोडक्यात सांगतो.

अमेरिकेत काही विद्यापीठे परिचर्येच्या पदवीधराला सरळ पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात घेतात. पदव्युत्तर अभ्यास त्यातच गुंफलेला असतो. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत चार वर्षांच्या पदवीला किमान ७५ टक्के गुण असलेल्यांना पीएच.डी.साठी पात्र धरले आहे. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचीच असते, म्हणून कागदावर दार उघडे वाटते. परंतु परिचर्येत पीएच.डी. देणारी आपली विद्यापीठे साधारणतः एम.एस्सी. नर्सिंग मागतात. तेव्हा कोठेही अर्ज करताना जाहिरातीतला पात्रतेचा रकाना आधी वाचावा.

म्हणजे नेहमीची वाट अशी आहे. बारावीला पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय. मग प्रवेश परीक्षा देऊन चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग. राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी. किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव. त्यानंतर दोन वर्षांची एम.एस्सी. तिला प्रवेशासाठी बी.एस्सी.ला ५५ टक्के गुण लागतात. एम.एस्सी.ला प्रौढांची परिचर्या, बालकांची, माता व प्रसूतीची, मनोरुग्णांची आणि समाजाच्या आरोग्याची अशा पाच शाखांपैकी एक निवडायची असते. पुढे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा. आयोगाच्या नियमाप्रमाणे तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन कसे करावे यावर असतात आणि निम्मे विषयावर. मग मुलाखत. संशोधनाला कमीत कमी तीन आणि एरवी जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात. गरज पडल्यास मुदतवाढ मिळते, आणि स्त्रियांना तर दोन वर्षे अधिक.

हे शिकण्यासाठी फार दूरही जायला नको. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले, ते नाशिकलाच. सिन्नरहून नाशिक सुमारे ३० किलोमीटर. मुंबईला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ पासून चालू आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या पुढाकाराने २००५-०६ च्या सुमारास पीएच.डी.साठी एक राष्ट्रीय योजनाही सुरू झाली.

ही वाट तयार व्हायलाच केवढा काळ गेला, पाहा. बाई काशीबाई गणपत ही प्रशिक्षणासाठी आलेली पहिली भारतीय परिचारिका, अशी परिचर्येच्या इतिहासात नोंद आहे. ते वर्ष होते १८९१. पहिले पदवीचे वर्ग १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे निघाले. पदव्युत्तर वर्ग १९५९ मध्ये दिल्लीला निघाले आणि तेथेच १९९२ मध्ये पीएच.डी. सुरू झाली. काशीबाईंपासून पीएच.डी.पर्यंत एकशे एक वर्षे!

अर्जात काय लिहायचे?

नियम वाचून झाल्यावर ती थोडी हिरमुसली. पण मग तिच्या लक्षात आले की, अर्जातला सर्वांत अवघड रकाना गुणांचा नाही, तो प्रश्नाचा आहे. पीएच.डी.च्या उमेदवाराला संशोधनाचा आराखडा लिहावा लागतो. मला काय शोधायचे आहे? आजवर कोणी काय शोधले? मी काय मोजणार, किती जणांवर, किती दिवस? रुग्णांची संमती कशी घेणार? त्यांना अपाय होणार नाही याची काळजी कशी घेणार? नैतिकता समितीने मान्यता दिल्याशिवाय रुग्णांवर अभ्यास करता येत नाही. असे प्रश्न खाटेशेजारी उभे राहिल्याशिवाय सुचत नाहीत. म्हणूनच मधली नोकरीची वर्षे वाया जात नाहीत.

पीएच.डी. झालेली परिचारिका 'डॉक्टर' होते, पण औषधे लिहून देणारी डॉक्टर नव्हे. हा शब्द मुळात 'शिकवणे' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला आहे. ती नवे ज्ञान शोधते आणि इतरांना शिकवते. त्या ज्ञानाचे मोल किती असते? लिंडा एकिन या परिचारिका-संशोधक बाईंचे काम पाहा. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांतील शस्त्रक्रिया झालेल्या २ लाख ३२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात परिचारिकेवरील प्रत्येक जादा रुग्णामागे महिन्याभरात मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. केवळ अशा नोंदींवरून कारण पक्के सिद्ध होत नाही, हे खरे. पण 'आमच्यावर भार फार आहे' ही तक्रार त्यांनी मोजून दाखवली.

आता त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगतो. तिने दोन वर्षे नोकरी केली आणि पैसे साठवले. मग एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. रविवारी घरी आली की आईजवळ बसून विड्याही वळू लागली. तिच्याबरोबरच्या एका मैत्रिणीने परदेशची नोकरी धरली, त्यातही काही कमीपणा नाही. प्रत्येकाच्या घरचे गणित वेगळे असते. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तिने घरी पडून असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना कूस बदलणे कितपत जमते, हा विषय घेतला. ती परीक्षा आता उत्तीर्ण झाली आहे. सध्या तिच्या पिशवीत आलेखाचे कागद असतात. गादीवर टेकलेल्या टाचेच्या ठशाचे क्षेत्रफळ काढायला मी तिला चौकोन मोजण्याची शाळकरी रीत दाखवली. पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेला ती बसणार आहे. ती निवडली जाईल की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण तिच्या अर्जातला प्रश्न तिचा स्वतःचा आहे, एवढे नक्की.

मुलांनो, तुम्ही आठवीत असा की दहावीत, यातले एक काम आजपासूनच करता येईल. मुलगेही करू शकतात. परिचर्येचा अभ्यास काही फक्त मुलींचा नाही. घरी आजी-आजोबा आजारी असतील, तर त्यांच्याजवळ बसा. ताप किती वाजता चढतो, पाणी किती प्यायले, झोप किती लागली, हे वहीत तारीखवार लिहा. आणि शेजारच्या पानावर, मनात येईल तो प्रत्येक 'का' लिहून ठेवा. उत्तर येत नसेल, तर 'येत नाही' असेच लिहा.

माझ्या वडिलांच्या माकडहाडाजवळचा डाग आठ-दहा दिवसांत गेला. टाचेची जखम भरायला अडीच महिने लागले. त्यानंतर वर्षभराने ते गेले, पण पाठीवर एकही व्रण नव्हता. भिंतीवरचे ते वेळापत्रक मी अजून काढलेले नाही. त्याच्या कोपऱ्यात त्या मुलीने मागाहून पेन्सिलीने लिहिले आहे : "दोनच तास का?"